खांडीच्या रात्रीची तळटीप

घणसोली गावठाण, दुसरा मजला.
टेबलावर कागद पसरलेत
आणि खाली कोणाच्या तरी हळदीचा डीजे.
मला एवढंच ठरवायचंय:
थोरल्या आगराच्या बांधाला खांड पडली त्या रात्री
माणसं किती गेली.

सरकारी फाइल म्हणते, जीवितहानी निरंक.
निरंक. वळणदार अक्षर, लाल शाई, खाली सही.
पण पाहणी झाली अकराव्या दिवशी,
आणि साहेब आले ते बांधापर्यंतच,
पुढे चिखल होता.
बांध किती फुटला ते मात्र फाइलीला नेमकं ठाऊक आहे:
एकशे बेचाळीस फूट. तेवढं घेतो.
निरंक बाजूला ठेवतो.

नकाशात खाडी काडीएवढी बारीक.
बरीच वर्षं मी त्याला खोटारडा म्हणत होतो.
मग हिराजी भोपीनं तो पाहिला,
मासळीचे हात लुंगीला पुसून,
म्हणाला, "खोटा नाय. ओहोटीला काढलाय."
खरंच की. मोजणीवाला सुक्यातच चालणार.
नकाशाला ओहोटीचाच प्रहर माहीत,
आणि खांड पडली उधाणाच्या भरतीला.

एक फोटो. कमरेएवढ्या पाण्यात सहाजण,
मागे तारीख, निळ्या बॉलपेनने.
त्या साली आमच्या गावात
बॉलपेन कोणाकडे असेल?

भागूबाय मढवी नव्वदीच्या पुढची.
पहिल्या खेपेला म्हणाली, सात.
दिवाळीनंतर गेलो, तर अकरा.
रेकॉर्डर बंद केल्यावर म्हणाली,
"आकडा कशाला इचारतंस रं,
रातभर पानी ढोलासारा वाजत व्हता."
तो ढोल कुठल्याच फाइलीत नाही.
तिच्याकडे आकड्यासाठी जाणं
म्हणजे तराजूला चव विचारणं. चूक माझी.

उरली मिठागराची वही.
तिच्यातल्या गोण्या खोट्या, हे सगळ्यांना ठाऊक,
कर चुकवायला निम्म्याच लिहायचे.
पण दर शनिवारी मजुरी मोजून दिली
की समोर अंगठा.
त्या शनिवारनंतर तीन अंगठे उमटत नाहीत.
धर्मी चांगू. काळ्या पोशा.
आणि तिसरा नुसताच "पोशाचा मुलगा", नाव नाही.
एकाच पानावर एक रकाना लबाड
आणि शेजारचा सरळ.

इथे मला सांगायला हवं
की वहीतलं अक्षर माझ्या आजोबांचं आहे.
मुकादम होते. 'र'ची शेपटी मीही तशीच काढतो.
तिसऱ्या ओळीशी एक डाग आहे,
तो मी फार दिवस त्यांचा अश्रू मानला.
खारट आहे, असंही कोणाला तरी सांगितलं.
खारट असणारच. मिठागराची वही आहे,
तिची सगळीच पानं तशी.

आणि पाट्या वाहणाऱ्या बाया?
त्यांना खेपेवर पैसे, हजेरी नाहीच.
त्या बुडाल्या असतील तर
वहीच्या बाहेर बुडाल्या.

म्हणून मजकुरात लिहिलं: किमान तीन.
'किमान'वर दोन तास बसलो.
तळटीप मात्र पानाच्या वर चढत चाललीय,
उधाणासारखी नाही, ओल चढते तशी.

खाली डीजे थांबला.
धवलारणीनं पितरांना आवतण द्यायला घेतलं,
लग्नाला या म्हणून एकेकाचं नाव.
खांडीतली नावंही तीच घेते, मला पाठ आहेत:
धर्मी, काळ्या, त्याचा भाऊ शिनवार,
म्हणजे पोशाच्या मुलाला नाव होतं,
की आधीच्या ओळीतल्या 'दिनवार'शी जुळावं
म्हणून तिनं आत्ताच ठेवलं?

जिन्याच्या चार पायऱ्या उतरतो, थांबतो,
परत वर येऊन आधी लिहून ठेवतो:
शिनवार. ऐकीव. हळदीच्या रात्री.
गाणारी कोण, कोणाकडून शिकली, विचारायचं आहे.